डिझास्टर मेडिसिनमध्ये पीजी करायचंय? कुठून सुरुवात करायची ते एकदाच लिहितेय

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कुठेतरी दरड कोसळते, कुठेतरी पूर येतो, टीव्हीवर एनडीआरएफचे केशरी ड्रेस दिसायला लागतात आणि मग ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, मॅडम डिझास्टर मेडिसिनमध्ये काही करता येईल का, कुठे करू, बाहेरचं करू की इथलंच, बीएएमएसला चालतं का, माझी बायको स्टाफ नर्स आहे तिला चालेल का. प्रत्येकाला वेगळं टाईप करून हात दुखतात, म्हणून जे मी फोनवर सांगते तेच इथे सलग लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. ढिगाऱ्याखालून माणूस ओढून काढणं हे डिझास्टर मेडिसिन नाही, ते काम एनडीआरएफचं, आपल्याकडे त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे आणि ते लोक ते काम आपल्यापेक्षा हजारपटीने चांगलं करतात. आपलं काम म्हणजे दोनशेची पंगत धरलेली असताना सहाशे जेवायला आले की काय करायचं, कोणाला आधी वाढायचं, स्वयंपाकघर कोण सांभाळणार आणि दारात कोण उभं राहणार. रोजच्या आयसीयूत आपण एका पेशंटला सगळं देतो, इथे साठ पेशंट, दोन सर्जन, चार व्हेंटिलेटर आणि एक ब्लड बँक. त्यामुळे सिलॅबस उघडला की बऱ्याच जणांचा हिरमोड होतो, कारण त्यात ऑपरेशन्स कमी आणि कमांड कोणाकडे, मेसेज कसा द्यायचा, पेशंट कुठल्या दाराने आत येणार, नोंद कशी ठेवायची, मृतदेहांची ओळख कशी पटवायची हेच जास्त असतं. हे वाचून कंटाळा आला असेल तर खरंच ट्रॉमा सर्जरी करा, सुखी व्हाल.

उदाहरण घ्या. ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये संध्याकाळच्या गर्दीत अकरा मिनिटांत सात स्फोट. जखमींना आधी उचललं ते सहप्रवाशांनी आणि रुळांशेजारच्या वस्तीतल्या लोकांनी, चादरीत घालून, मिळेल त्या गाडीत टाकून. अशा वेळी सगळ्यात जवळचं हॉस्पिटल आधी भरतं, आणि ते भरतं कमी लागलेल्यांनी, कारण ज्याला चालता येतं तो आधी पोचतो. सिरियस पेशंट मागून येतो तेव्हा कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नसते. ही गोष्ट एमबीबीएसला कुठल्या लेक्चरला कोणी नीट सांगितली होती का आठवून बघा. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयात, डिझास्टर मॅनेजमेंट आणि सर्जरीत मास कॅज्युअल्टी, म्हणजे एकदम खूप जखमी, आली आहे, पण ती बहुतेक ठिकाणी पाच मार्कांची शॉर्ट नोट म्हणूनच संपते.

कोर्स शोधण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्या दिवशी घडेल त्या दिवशी तुम्ही नेमके कुठे उभे असणार? कॅज्युअल्टीच्या दारात, सिव्हिल सर्जनच्या केबिनमध्ये की दुसऱ्याच जिल्ह्यात, दुसऱ्याच देशात तंबूत? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि गोंधळ इथेच होतो, कोणीतरी फेसबुकवर इटलीचा फोटो टाकतं आणि सगळे त्याच्यामागे.

कॅज्युअल्टीवाल्यांसाठी माझं मत पक्कं आहे, आधी एक क्लिनिकल ब्रँच हातात घ्या. इमर्जन्सी मेडिसिनला आपल्याकडे २००९ मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली, त्यात एमडी किंवा डीएनबी झालं तर उत्तम, पण सर्जरी, ऑर्थो, अॅनेस्थेशिया, पेडिॲट्रिक्स, काहीही चालतं. नुसता डिझास्टरचा डिप्लोमा घेऊन नोकरी शोधायला निघालात तर हॉस्पिटलचा एचआर विचारणार, बाकीचे दिवस तुम्ही काय करणार? प्रश्न बोचरा आहे पण बरोबर आहे. एनएबीएच, म्हणजे दर्जाची मान्यता, हवी असलेल्या हॉस्पिटलला डिझास्टर प्लॅन आणि मॉक ड्रिल दाखवावं लागतं, तिथे तुमच्या ब्रँचसोबत हे ज्ञान असलं की तुमची किंमत वाढते, एकट्याने नाही.

बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस आणि नर्सिंगवाल्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. १०८ च्या गाडीवर आपल्या राज्यात २०१४ पासून डॉक्टर म्हणून कोण बसतं ते तुम्हाला माहितीच आहे. पुण्यात सिम्बायोसिसचा इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसचा पीजी डिप्लोमा आहे, तो बघा, प्रवेशाच्या अटी दरवर्षी स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. मॅनेजमेंटच्या, म्हणजे सिव्हिल सर्जनच्या केबिनच्या बाजूला जायचं असेल तर मुंबईत टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) डिझास्टर स्टडीजची वेगळी शाळा आहे, दोन वर्षांचं फुलटाइम मास्टर्स, कुठल्याही शाखेचे पदवीधर असतात, आणि तिथे डॉक्टर लोकांना पहिल्यांदा कळतं की पूर हा फक्त पाण्याचा नसतो, कोणाचं घर नदीकाठी का आहे याचाही असतो. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचा डिझास्टर मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा घरबसल्या होतो. त्यात मेडिकल भाग पातळ आहे हे आधीच सांगते, पण कायदा, जिल्हा प्रशासन, पुनर्वसन हे नीट समजतं आणि फी परवडते.

आता तो इटलीचा कोर्स, ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. युरोपियन मास्टर इन डिझास्टर मेडिसिन, इटलीतल्या नोव्हाराची पिएमोंते ओरिएंताले युनिव्हर्सिटी आणि ब्रसेल्सची फ्राये युनिव्हर्सिटी मिळून चालवतात. इंग्रजीत असतो, वर्षभराचा, बहुतेक भाग ऑनलाइन, मध्ये काही दिवस इटलीत जाऊन राहायचं, तिथे मोठं सिम्युलेशन होतं, शेवटी थीसिस. ड्युटी सांभाळून करता येतो हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा, आणि वर्गात वीसेक देशांचे लोक असले की प्रत्येकाच्या हॉस्पिटलचं रडगाणं एकच आहे हेही कळतं. फी युरोत, त्यावर विमान, शेंगेन व्हिसा, राहणं, हा हिशोब आधी घरच्यांसमोर मांडा. लंडनच्या सोसायटी ऑफ अपॉथेकरीजची मेडिकल केअर ऑफ कॅटॅस्ट्रॉफीज नावाची डिप्लोमा परीक्षा आहे, ती बाहेर काम करून आलेल्या लोकांना जास्त सोपी जाते. अमेरिकेतल्या फेलोशिपा साधारण इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेन्सी झाल्यावरच्या असतात, एक-दोन वर्षांच्या, त्यामुळे इंटर्नशिप संपता संपता त्यांचे फॉर्म बघत बसू नका.

तंबूवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांना एमएसएफ (डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स), रेड क्रॉस वगैरेकडे जायचंय त्यांच्यासाठी, रेड क्रॉसचा हेल्प नावाचा कोर्स १९८६ पासून चालतो, मोठ्या लोकसंख्येच्या आरोग्य आणीबाणीवर. त्यासोबत ट्रॉपिकल मेडिसिनचा डिप्लोमा केला तर सोन्याहून पिवळं, लंडनचा तीन महिन्यांचा प्रसिद्ध आहे, पण आपण मलेरिया, डेंगी, लेप्टो रोजच बघतो, आपल्याला त्याची गरज युरोपियन डॉक्टरएवढी नाही असं मला वाटतं. त्यापेक्षा डब्ल्यूएचओची इमर्जन्सी मेडिकल टीमची वर्गवारी पाठ करा. टाइप १ म्हणजे नुसती ओपीडी, एका जागी असेल तर दिवसाला किमान १०० पेशंट. टाइप २ म्हणजे किमान २० बेड आणि दिवसाला ७ मोठी किंवा १५ छोटी ऑपरेशन्स. टाइप ३ ला त्याच्या दुप्पट बेड. पाणी, वीज, संडास, जेवण सगळं स्वतःचं न्यायचं, तिथल्या लोकांवर भार टाकायचा नाही. भूकंप झाला की उत्साहाने बॅग भरून निघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ही शेवटची अट वाचावी, कारण जेवणाची सोय नसलेला डॉक्टर तिथे पोचला की अजून एक आपत्तीग्रस्त वाढतो.

आता क्रम. पैसे भरायच्या आधी फुकट काय काय होतं ते करा, आणि त्यातलं पहिलं काम म्हणजे तुमच्याच हॉस्पिटलचा डिझास्टर प्लॅन शोधा.

असतोच तो. मेट्रनच्या कपाटात किंवा मेडिकल सुपरिंटेंडंटच्या ऑफिसात, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. उघडा आणि फोन नंबरांचं पान बघा, त्यातले किती जण रिटायर झालेत ते मोजा. मग फाइल बाजूला ठेवून चालत फिरा. जनरेटर कुठे आहे, तळघरात असेल तर पाणी शिरल्यावर काय? चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ऑक्सिजनचा मेन वॉल्व्ह कुठे आहे आणि तो बंद करायला रात्री कोण असतं? नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला टँकमधून गळती झाली आणि व्हेंटिलेटरवरचे पेशंट गेले. एनआयसीयूतून बाळं बाहेर काढायची वेळ आली तर कुठल्या दाराने, कोण उचलणार, किल्ली कोणाकडे? भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ ला हॉस्पिटलच्या आगीत १० नवजात बाळं गेली. आपल्याकडे हॉस्पिटल हीच आपत्तीची जागा होते हे युरोपच्या पुस्तकात तेवढं ठळक लिहिलेलं नसतं, ते तुम्हाला इथेच शिकावं लागतं. हा फेरफटका एका संध्याकाळी होतो, आणि त्याची दोन पानं लिहून काढलीत तर पुढे कुठल्याही कोर्सच्या अर्जात तीच तुमची सगळ्यात भक्कम गोष्ट ठरते.

दुसरं, जिल्ह्याचा प्लॅन. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, कलेक्टर अध्यक्ष, आणि जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी पदसिद्ध सदस्य. प्लॅनची पीडीएफ बहुतेक वेळा जिल्ह्याच्या वेबसाइटवर मिळते. त्यात आरोग्याचा भाग काढून बघा, तुमच्या हॉस्पिटलचं नाव आणि बेडची संख्या बरोबर आहे का तेवढं तरी. जे सध्या एमडी-एमएस करतायत त्यांना डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात आणि बहुतेक जण ते शिक्षा म्हणून काढतात. अहो तेच तर सोनं आहे, सिव्हिल सर्जनना भेटून म्हणा की सर मला आपत्तीच्या बैठकीला मागे बसू द्या. बहुतेक सर हो म्हणतात, नाहीतरी त्यांना मिनिट्स लिहायला कोणीतरी हवंच असतं.

वाचायला एनडीएमएच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या, मार्गदर्शिका फुकट आहेत. २००७ ची मेडिकल प्रिपेअर्डनेस आणि मास कॅज्युअल्टीची, २००९ ची मानसिक-सामाजिक आधाराची, २०१६ ची हॉस्पिटल सेफ्टीची. भाषा सरकारी आहे, चहा घेऊन बसा. डब्ल्यूएचओचे ऑनलाइन कोर्स आणि एनआयडीएमची (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था) छोटी ट्रेनिंग्ज पण करा, पण सर्टिफिकेटांची माळ करू नका, दोन-तीन बास.

तिसरं, ट्रायज, म्हणजे कोणाला आधी बघायचं हे ठरवणं, हातात बसवा. वाचून बसत नाही. सगळ्यात सोपी पद्धत स्टार्ट, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झाली. पेशंटला रंगाचा टॅग लावायचा, लाल म्हणजे आधी, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे गेलेला किंवा वाचण्यापलीकडचा. ज्याला चालता येतं तो हिरवा. श्वास नाही, एअरवे उघडला तरी नाही, तो काळा, उघडल्यावर आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० च्या वर, लाल. नखावर दाबून सोडल्यावर रंग यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा मनगटाची नाडी लागत नाही, लाल. "हात दाब" म्हटलं आणि दाबत नाही, लाल. उरलेले पिवळे. एका पेशंटला अर्धा-एक मिनिट, त्यात फक्त एअरवे उघडायचा आणि वाहणारं रक्त थांबवायचं, आयव्ही लावत बसायचं नाही. लहान मुलांची पद्धत वेगळी आहे, श्वास नसला पण नाडी असली तर काळं ठरवण्याआधी पाच श्वास द्यायचे असतात, ती वेगळी शिका. पत्त्यांसारखी कार्डं करा, प्रत्येकावर एक पेशंट, आणि नाइटला कॅज्युअल्टी शांत असेल तेव्हा सिस्टर, वॉर्डबॉय, सगळ्यांना घेऊन खेळा. काळा टॅग लावताना सगळे अडखळतात, डॉक्टर सगळ्यात जास्त, ते अडखळणं कार्डावर झालेलं बरं.

चौथं, तुमच्या भागात काय होऊ शकतं त्याप्रमाणे अभ्यास वळवा, कारण आपत्तीचा प्रकार बदलला की डॉक्टरचं काम अख्खं बदलतं. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, दगड-मातीची जाड भिंतींची घरं, त्यावर मातीचं धाबं. अशा घरात आत पोकळी राहत नाही, माती आणि धुळीनेच माणूस गुदमरतो, त्यामुळे पहिले काही तास आणि शेजारचे लोक हेच खरं. जो तासन्तास पाय अडकून जिवंत आहे त्याला मात्र ओढून काढण्याआधी सलाईन चालू करावं लागतं, मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर नॉर्मल सलाईन, पोटॅशियम असलेलं रिंगर लॅक्टेट नाही, कारण दाब सुटला की स्नायूतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि बाहेर काढेपर्यंत बोलणारा माणूस ॲम्ब्युलन्समध्ये जातो. पुढे किडनी, म्हणजे डायलिसिस कुठे मिळेल ही यादी आधी तयार हवी.

दरडीचं वेगळं. माळीणमध्ये ३० जुलै २०१४ ला १५१ माणसं गेली, वाचलेले मोजके. सर्जन तिथे जाऊन करणार काय? तिथे काम असतं मृतदेहांची ओळख, नोंद, नातेवाइकांशी बोलणं आणि मागे राहिलेल्यांच्या मनाचं. हा भाग सिलॅबसमध्ये असतो आणि पोरं तो स्किप करतात. पुराचं अजून वेगळं, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, पाणी ओसरलं आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. पुरात साप, जुलाब, इन्सुलिन संपलेले पेशंट, डायलिसिसची पाळी चुकलेले पेशंट, हे बघावं लागतं. आणि तुम्ही डोंबिवली, तारापूर, लोटे, महाड अशा एमआयडीसीच्या आसपास असाल तर केमिकलचा भाग सोडू नका. पेशंटचे कपडे उतरवून, धुऊन मगच आत घ्यायचं, नाहीतर कॅज्युअल्टीच आजारी पडते. शेजारच्या कारखान्यात कुठली केमिकल्स आहेत हे आधी विचारून ठेवा, भोपाळमध्ये १९८४ ला डॉक्टरांना समोरचा वायू कोणता हेच धड कळत नव्हतं.

एवढं झालं की मग छोटे कोर्स. जखमींच्या पहिल्या उपचारांचा एटीएलएस, त्यानंतर हॉस्पिटलच्या तयारीवरचा होप, जमलं तर मोठी दुर्घटना हाताळण्याचा ब्रिटिश पद्धतीचा मिम्स. मिम्समधून फोनवर काय सांगायचं याची शिस्त येते, घटना जाहीर झाली का, नेमकी जागा, प्रकार, धोके, रस्ता कुठून, जखमी किती, कोण कोण पोचलंय. "सर लवकर या, खूप वाईट आहे" या फोनचा काही उपयोग नसतो.

मॉक ड्रिलबद्दल थोडं. आपल्याकडे ड्रिल म्हणजे बॅनर, पाहुणे, लाल रंग फासलेले नर्सिंगचे विद्यार्थी स्ट्रेचरवर हसतायत आणि अकरा वाजता सुरू होऊन साडेबाराला नाश्ता. यातून एकच गोष्ट शिकता येते, फोटो कसे काढायचे. ड्रिल करायचं तर एकदा पहाटे करा, लिफ्ट बंद ठेवून, इंटर्न आणि कॅज्युअल्टीचा एक सीएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) एवढ्याच स्टाफवर. एवढी परवानगी मिळत नसेल तर टेबलटॉप करा, एक मोठा नकाशा, सोंगट्या, दर पाच मिनिटांनी नवी चिठ्ठी. खर्च शून्य. शेवटी वीस मिनिटं बसून काय अडलं ते लिहायचं, कोणाचं चुकलं ते नाही.

अर्ज भरताना स्टेटमेंटमध्ये "लहानपणापासून मला सेवा करायची होती" हे लिहू नका, सगळेच लिहितात. प्लॅनमध्ये काय सापडलं, काय बदललं, ड्रिलमध्ये पेशंट कुठे अडकले, हे लिहा. सरकारी नोकरीत असाल किंवा बाँड चालू असेल तर एनओसी आणि रजेचा अर्ज कोर्सच्या अर्जाच्याही आधी टाका, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला तुमच्या व्हिसापेक्षा जास्त वेळ लागतो. पासपोर्टची मुदत बघा. शिफारसपत्र मोठ्या नावाच्या सरांकडून घेण्यापेक्षा ज्यांनी तुम्हाला रात्री काम करताना बघितलंय त्यांच्याकडून घ्या. मधल्या काळात हात चालू ठेवायचा असेल तर मुंबईत सुरू झालेल्या डॉक्टर्स फॉर यूसारख्या संस्थांसोबत एखाद्या पुरात जाऊन या, पण एकट्याने गाडी काढून नाही.

थीसिसचा विषय परदेशातला घेऊ नका, आपल्याकडे विषय पडलेत. पंढरीच्या वारीतली फिरती ओपीडी, सांगली-कोल्हापूरच्या पुरात डायलिसिसचे पेशंट कुठे गेले, तालुक्याच्या रुग्णालयात टेबलटॉपने काय फरक पडतो. गर्दीच्या मेडिसिनची आवड असेल तर नाशिकचा सिंहस्थ, २००३ मध्ये तिथे चेंगराचेंगरीत ३९ जण गेले होते, आणि पुढची मुख्य स्नानं २०२७ ला आहेत. त्यावर करायचं असेल तर गाइड आणि एथिक्स कमिटीची परवानगी कितीतरी आधी लागते, शिवाय डेटासाठी आरोग्य खात्याचं पत्र, महापालिकेचं पत्र आणि पोलिसांचा पास, तिन्ही वेगवेगळ्या ऑफिसातून. तिन्हीकडे अर्जाच्या दोन-दोन प्रती न्या आणि एकीवर आवक-जावकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.